कुणीतरी आत आहे, बंद करू नये

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्टमधले दोष काढून नुकतेच निवृत्त झालेले आदरणीय निरीक्षकसाहेब. व्यासपीठावरचे आमचे सत्कारमूर्ती, अठ्ठावीस वर्षं या कंपनीचे फोरमन. त्यांच्या डाव्या हाताला टेबलावर चालू असलेला कॉम्प्युटर, ज्याचा उल्लेख राहिला तर फोरमन मनाला लावून घेतील. पहिल्या रांगेत दोन बॅगा पायाशी घेऊन बसलेल्या फोरमनच्या पत्नी, आमच्या वहिनी. आमचे स्टोअरकीपर, मेकॅनिक मंडळी, त्यांच्या घरची माणसं. आणि समोरच्या इमारतीतले ते दोन गृहस्थ, जे मागच्या दोन्ही समारंभांना फक्त चहाच्या वेळी आले होते आणि आज पहिल्यापासून हजर आहेत. सगळ्यांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक हिशोब मांडतो. एक पत्र न पोचवायला खरा खर्च किती येतो? अकरा महिने. चार मोठ्या बॅटऱ्या. हाताने लिहिलेल्या तक्रारींची सहा रजिस्टरं. दोन वाया गेलेले निरोप समारंभ, आणि त्यांतले दोन पुष्पगुच्छ, जे स्टोअरकीपर घरी घेऊन गेले आणि त्यावरून त्यांच्या घरी चौकशी बसली ती वेगळीच. माझा आणि माझ्या मुलीचा तीन आठवड्यांचा अबोला. आणि वहिनींचा समुद्र. या शेवटच्या रकमेकडे मी नंतर येतो, कारण ती अजून चुकती व्हायची आहे.

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आम्ही लिफ्ट दुरुस्त करतो. आमचा मेकॅनिक लिफ्टच्या छतावर उभा राहून काम करतो. खाली खोल, वर काँक्रीट. अशा वेळी कुणी मेन स्विच चालू केला तर काय होईल, हे घरची माणसं बसली आहेत म्हणून सांगत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक मेकॅनिकचं स्वतःचं एक लाल कुलूप असतं. आत जाण्याआधी स्विच बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात. कुलपाला एक पाटी, पाटीवर आपला फोटो, आणि खाली ओळ: ‘माणूस आत आहे, चालू करू नये.’ ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते काढायचं. दुसऱ्याने हात लावला तर तो त्याच दिवशी घरी. मग तो मालक का असेना.

हा नियम मी लिहिला. लिहिण्याची वेळ का आली, तर बत्तीस वर्षांपूर्वी मी आणि फोरमन दोघंही दुसऱ्याच्या कंपनीत मेकॅनिक होतो. मी छतावर, हा खाली मेन स्विचपाशी. एक गृहस्थ आले. त्यांना सातव्या मजल्यावर जायची घाई होती. हा पाना आणायला चार पावलं बाजूला गेला तेवढ्यात त्यांनी स्वतःच स्विच ओढला. मी वर निघालो. काँक्रीट माझ्या डोक्यापासून एवढं राहिलं होतं, हे एवढं, तेव्हा याने स्विच पाडला. मग हा त्या स्विचपुढे पाना धरून उभा राहिला, मी खाली उतरून येईपर्यंत, पाऊण तास. ते गृहस्थ म्हणत होते, “अहो, मी फक्त वर चाललो होतो.” हा म्हणत होता, “तोही वरच चालला होता.” तेव्हा कुलूपबिलूप नव्हतं. कुलपाच्या जागी हा होता.

क्षमा करा, मी ‘हा’ म्हणालो. आज ‘हे’ म्हणायचं ठरवून आलो होतो. ते मला चारचौघांत ‘मालक’ म्हणतात आणि चिडले की ‘अरे’. गेल्या अकरा महिन्यांत ‘मालक’ फारसं ऐकू आलेलं नाही.

तर झालं असं. गेल्या वर्षी फोरमनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जिना नाही, छत नाही, खुर्ची. मी म्हटलं, तक्रारीच्या टेबलावर बसा. फोन घ्यायचा, तक्रार कॉम्प्युटरमध्ये टाकायची. फोरमननी माउस हातात घेतला तो पाना धरावा तसा. पहिल्या दिवशी माउसची तार तुटली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माउसची. माझी मुलगी आमचं ऑफिस सांभाळते. ती म्हणाली, “काका, तुमचा हात बसायला हवा. मी एक खेळ घालून देते. सोपा आहे. मारामारी नाही, घाई नाही. फक्त रडू येतं.”

“खेळात रडू कशाला येईल?” फोरमन म्हणाले. “हरलं तर पुन्हा खेळायचं.”

“यात हरता येत नाही, काका. म्हणून तर.”

मी केबिनमध्ये होतो. मधली भिंत प्लायची आहे. लिफ्टचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलं ते मी सांगतो, तर प्लायपलीकडचं बोलणं मला न ऐकू येऊन कसं चालेल? जे मी आज सांगणार आहे त्यातलं निम्मं मी असंच ऐकलेलं आहे, ऐकायचं नसताना.

खेळ असा आहे. तुम्ही डोंगरातले पोस्टमन. तुमच्याकडे एक खेचर. तेवीस गावं, प्रत्येक गावात पत्रं द्यायची. खेचराला रोज सकाळी पाणी पाजायचं. तिकडची सकाळ आणि इकडची सकाळ एकच. गावात पोचलात की मुक्काम, आणि मुक्काम केला की तुमचा प्रवास जपून ठेवला जातो, मग कॉम्प्युटर खुशाल बंद करा. बस्स. गुण नाहीत, बक्षीस नाही. स्टोअरकीपर तेव्हाच म्हणाले होते, “हे तर आपलंच काम आहे, फक्त खेचर जास्त.”

सुरुवातीला तो खेळ खेचराचं नाव विचारतो. फोरमन अर्धा दिवस विचार करत बसले. माझ्या मुलीने विचारलं, “काका, एवढं काय त्यात?” ते म्हणाले, “नाव एकदाच ठेवतात. माझ्या मुलाचं घाईत ठेवलं, तो अजून बोलून दाखवतो.” शेवटी त्यांनी टाइप केलं, ‘धाकटी’. घरात सगळ्यात शेवटी आली म्हणून धाकटी.

मग भिंतीपलीकडून रोज येऊ लागलं. “चल धाकटे. हळू. दगड आहे.” “धाकटे, हा चढ मोठा आहे, दम खा.” एकदा फोनवर एक बाई सांगत होत्या की त्या चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या आहेत. फोरमन त्यांना म्हणाले, “बाई, घाबरू नका, खाली बसा, पाणी प्या, मान वर ठेवा.” त्या बाईंनी नंतर पत्र लिहून आभार मानले की इतक्या मायेने त्यांच्याशी घरीही कुणी बोलत नाही. आता ते पाणी कुणासाठी होतं, हे मी त्यांना कळवलेलं नाही.

अडीच महिन्यांत बावीस गावं झाली. गुडघा बरा झाला, हात बसला, मी मनात म्हटलं, चला, सुटलो. तेविसावं गाव झालं. पिशवीत एकच पत्र उरलं होतं, खिंडीपलीकडच्या एका एकट्या घराचं. फोरमन खिंडीत शिरले. आणि त्या दिवशी माझ्या मुलीने, जिला मी लहानपणापासून सांगत आलो आहे की विचारल्याशिवाय बोलू नये, तिने खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, “अरे वा काका, आलात की शेवटाला. रुमाल आहे ना? पत्र दिलं की ती बसते.”

“कोण बसते?”

“धाकटी.”

“बसू दे की. दमली असेल.”

ती काही बोलली नाही. आता माझे कान बघा. शांततेतला फरकही मला कळतो. ती शांतता चांगली नव्हती.

“मग उठते कधी?” फोरमननी विचारलं.

“उठत नाही, काका.”

“उठत नाही म्हणजे? गुडघा धरला?”

“काका, तो खेळाचा शेवट आहे. मी दोन दिवस रडले होते. माझ्या सगळ्या मैत्रिणी रडल्या. त्यासाठीच प्रसिद्ध आहे तो.”

“मग मी पत्र देत नाही.”

“द्यावंच लागतं. नाहीतर खेळ संपत नाही.”

“संपवायची घाई कुणाला आहे?”

मित्रहो, इथे एक अडचण होती. खिंडीत मुक्काम नाही. मुक्काम फक्त गावात, आणि खिंडीत शिरलं की आधीचा जपलेला प्रवासही पुसला जातो. मागे फिरता येत नाही, पायवाट ढासळलेली असते. म्हणजे पत्र द्यायचं नसेल तर कॉम्प्युटर बंद करता येत नाही. बंद केला तर सगळं पुसलं जाऊन पहिल्या गावापासून सुरू. मी बाहेर आलो, समजावलं. म्हटलं, “बंद करू आणि पुन्हा सुरू करू. तेच खेचर, तेच नाव. काय बिघडलं?”

“तीच दिसेल,” फोरमन म्हणाले. “ती नसेल. हिला डावीकडून हाक मारलेली चालत नाही. ते नवीला कुठून माहीत असणार?”

“अहो, काचेवरचा रंग आहे तो.”

“परवा मालिका बघून तुमच्या घरात कोण रडत होतं? तीही काचच ना?”

परवा आमच्या घरात मीच रडलो होतो, म्हणून मी तो मुद्दा वाढवला नाही. केबिनमध्ये गेलो. दहा मिनिटांनी भिंतीपलीकडे एक आवाज झाला. टक्. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. बाहेर येऊन बघतो तो कॉम्प्युटरच्या स्विचला लाल कुलूप. स्विच चालू ठेवून, वर पेटी बसवून, कुलूप. पाटीवर फोरमनचा फोटो, आणि खालची ओळ खोडून पेनने लिहिलेली: ‘कुणीतरी आत आहे, बंद करू नये.’

मी म्हटलं, “अहो, हे कुलूप स्विच बंद ठेवायला असतं.”

ते म्हणाले, “नियम काढा.”

नियम काढला. नियमात ‘स्विच’ आहे, ‘कुलूप’ आहे, ‘ज्याने लावलं त्यानेच’ आहे. ‘बंद’ हा शब्द कुठेही नाही. मसुदा कुणाचा? माझा. वकिलाला दाखवला होता का? नाही, वकील पैसे घेतात.

त्या दिवसापासून आमच्या कंपनीचा तेव्हाचा एकमेव कॉम्प्युटर एका खेचराकडे आहे. दुसरा घ्या, असं आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात आलं असेल. घेतला. पण तक्रारींचा सगळा जुना साठा पहिल्यात, आणि पहिल्यातली खेचराची खिडकी लहान करू द्यायला फोरमन तयार नाहीत. “तिला गुदमरेल,” म्हणतात. म्हणून रजिस्टरं. वीज जाते म्हणून बॅटऱ्या. लोकांचे फोन यायचे, “अहो, आमची लिफ्ट दोन तास उभी आहे,” आणि आमचे फोरमन पलीकडून, “धीर धरा. आमची सात महिने उभी आहे. तक्रार आहे का तिची?”

माझं लोकांपुढे हसं झालं. मुलीशी मी तीन आठवडे बोललो नाही. ती म्हणाली, “बाबा, मला काय माहीत काका पत्रच देणार नाहीत. जगभर लोकांनी दिलं. रडत रडत दिलं.” मी म्हटलं, “जगभरातल्या लोकांनी कधी तुझ्या बापासाठी स्विच धरला होता का?”

वहिनींना हे कळलं तेव्हा त्या ऑफिसात आल्या. मला वाटलं, आता दोन गोष्टी ऐकवतील, काम होईल. मी मुद्दाम केबिनचं दार उघडं ठेवलं. वहिनी स्टुलावर बसल्या. चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ही बया किती दिवस अशी उन्हात उभी आहे? जरा झाडाखाली घ्या की तिला.” फोरमननी घेतली. आजही झाडाखालीच आहे, मागे बसलेल्यांना दिसत नसेल तर चहाच्या वेळी जवळून बघा. जाताना वहिनी माझ्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “भावजी, सवत असती तर झिंज्या धरून भांडले असते. हिच्याशी काय भांडू? ही तर उभीच आहे बिचारी.”

आता वहिनींच्या समुद्राकडे येतो. फोरमन पाच महिन्यांपूर्वी निवृत्त व्हायचे होते. वहिनींच्या बहिणीने समुद्राकाठी त्यांच्यासाठी दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत. खिडकीतून पाणी दिसतं. अठ्ठावीस वर्षं या बाईंनी खिडकीतून आमचा भंगारचा ढीग बघितला आहे. पडदेही पाच महिन्यांपूर्वीच शिवून झाले. पण आमच्या नियमात आणखी एक ओळ आहे: ‘कुलूप लागलेलं असेपर्यंत तो माणूस कामावर आहे असं धरलं जाईल.’ कुणी कुलूप विसरून घरी जाऊ नये म्हणून मी ती घातली. फोरमननी ती मला तोंडपाठ म्हणून दाखवली. कुलूप आहे, म्हणजे मी कामावर आहे, म्हणजे निवृत्त नाही.

पहिला निरोप समारंभ याच सभागृहात झाला. मी भाषण केलं, घड्याळ दिलं, टाळ्या झाल्या. शेवटी म्हटलं, आता कुलूप काढा. फोरमन उठले, घड्याळ परत माझ्या हातात दिलं आणि फोन घ्यायला खाली गेले.

दुसऱ्या समारंभाला मी शहाणा झालो होतो. मी निरीक्षकसाहेबांना बोलावलं. नियमात एकच पळवाट आहे: निरीक्षकाने आत कुणी नाही याची स्वतः डोळ्यांनी खात्री करून लेखी दिलं, तर कुलूप कापता येतं. साहेब, मी तुमच्या परवानगीने सांगतो. तुम्ही खाली आलात, टेबलापाशी बसलात. मी कटर घेऊन शेजारी उभा. साहेबांनी आयुष्यात कुणाला दहा पैशांची सूट दिलेली नाही, माझ्या तर तीन लिफ्ट त्यांनी एकेका स्क्रूसाठी अडवल्या आहेत. पाच मिनिटं ते बघत होते. वारा सुटला होता तिकडे. धाकटीने कान हलवला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि फॉर्मवर लिहिलं. त्या रकान्यात ‘आत कुणी आहे का?’ असा प्रश्न आहे. साहेबांनी लिहिलं, ‘आहे.’ खाली सही, तारीख, शिक्का. तो कागद आमच्या फायलीत आहे. कटर मी परत स्टोअरमध्ये जमा केला.

साहेब मान हलवताहेत. म्हणजे अजून मतावर ठाम आहेत.

माझ्याबद्दल या काळात बरंच बोललं गेलं. मालकही हळवे झालेत, मालकांचाही जीव अडकलाय, असं काही मेकॅनिक जिन्यात बोलत होते. तो जिना माझ्या केबिनच्या मागे आहे, पुढच्या वेळी लक्षात ठेवा. तर स्पष्ट सांगतो. मी शून्यातून कंपनी उभी केली. ज्या वस्तूला वंगण लागत नाही तिच्यात माझा जीव अडकत नाही. मी त्या खुर्चीत कधी बसलेलो नाही आणि त्या माउसला माझं बोट लागलेलं नाही. कुलूप लागल्यावर पहिल्याच आठवड्यात फोरमन मला म्हणाले, रविवारी मला ऑफिस उघडून द्या, धाकटीला पाणी पाजायचं आहे. मी म्हटलं, रविवार म्हणजे सुट्टी. “एक दिवस पाणी चुकलं तर ती मान खाली घालते,” ते म्हणाले. मी म्हटलं, “माझे निम्मे मेकॅनिक सोमवारी मान खाली घालूनच येतात. त्यांना कोण पाणी पाजतं?” सोमवारी फोरमननी येऊन पाहिलं, तर मान वर होती. मी म्हटलं, बघा, जनावर सोशिक असतं. अशा बाबतीत माणसाने कडक राहावं लागतं.

असो. काल सकाळी वहिनींचा फोन आला. फोनवर त्या कधी तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाहीत. म्हणाल्या, “भावजी, उद्या संध्याकाळी सव्वासातची गाडी आहे. दोन तिकिटं आहेत. एकावर मी जाते आहे.” आणि फोन बंद करायचा विसरून बाजूला ठेवला. दुसऱ्या तिकिटाबद्दल काही बोलल्या नाहीत.

मी वाट बघितली की रडण्याचा आवाज येईल. तो आला नाही. त्याऐवजी बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला. मित्रहो, मी लिफ्टचा दोर तुटायच्या आधी तो कसा आवाज करतो ते ऐकलेलं आहे. तो असाच असतो, बारीक.

मग मी फोरमनना केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. म्हटलं, “वहिनी जाताहेत.”

“माहीत आहे.”

“मग?”

“अरे, मी काय करू? पत्र देऊ? तू दिलं असतंस?”

मी म्हटलं, “कॉम्प्युटर घेऊन जा गाडीत.”

“नऊ तासांचा प्रवास आहे. चारही बॅटऱ्या मिळून पाच तास चालतात. मोजून बघितलंय मी.” मग ते गुडघा चोळू लागले. म्हणाले, “तुला वाटतं मला कळत नाही? तिथे काही नाही हे मला कळतं. पण मी आजवर कुणालाही आत ठेवून स्विचपासून हललेलो नाही. एकदा हललो होतो, चार पावलं.”

बत्तीस वर्षांत ती चार पावलं त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा काढली. मी पंचवीस वेळा ती गोष्ट समारंभांत सांगितली आहे, विनोद म्हणून. पाना, गृहस्थ, सातवा मजला, लोक हसतात. आजही सांगितली. त्यांना ती बत्तीस वर्षं कशी ऐकू येत होती, ते इतके तीक्ष्ण कान असून मला कळलं नाही.

तर आता मुख्य कार्यक्रम. सभागृह तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे आज दुपारी कॉम्प्युटर, बॅटऱ्या, स्विच, कुलूप असं सगळं एका ढकलगाडीवर घालून वर आणलं. मी म्हटलं लिफ्टने आणू. फोरमन म्हणाले, “मध्ये अडकली तर?” चार जणांनी जिन्याने उचलून आणलं. ही लिफ्ट आमच्याच कंपनीने बसवलेली आहे, हे समोरच्या इमारतीतल्या गृहस्थांनी कृपया बाहेर बोलू नये.

फोरमन, आपण शिफ्ट बदलताना काय करतो? एक जण आत काम करत असतो, स्विचवरच्या माणसाची पाळी संपते. तो कुलूप काढून तसाच घरी जातो का? नाही. येणाऱ्याने आधी आपलं कुलूप लावायचं. मग जाणाऱ्याने आपलं काढायचं. मध्ये एक क्षणसुद्धा स्विच उघडा राहता कामा नये. हेही नियमात आहे, आणि ही ओळ माझी नाही, तुम्ही घालायला लावली होती.

म्हणून मी आज स्टोअरमधून एक कुलूप काढलं. मालक झाल्यापासून माझ्या नावाचं कुलूप नव्हतं. स्टोअरकीपरनी फॉर्म भरून घेतला, फोटो मागितला. मी म्हटलं, “मला ओळखत नाही का?” ते म्हणाले, “ओळखतो, म्हणून तर फोटो लागेल.” हे बघा. लाल, नवं, फोटोत मी जरा सुजल्यासारखा दिसतो. पाटीवरची ओळ मी तुमचीच ठेवली आहे.

आता मी ते लावतो. जरा बाजूला व्हा. माइक धरा कुणीतरी, वायर पायात येते आहे.

टक्.

ऐकू आलं सगळ्यांना? आता त्या स्विचवर दोन कुलपं आहेत. आता ती माझ्या पाळीत आहे. पत्र पिशवीतच राहील. काय म्हणता? मोठ्याने म्हणा. फोरमन म्हणताहेत, कधी पत्र द्यायचं झालंच तर मला आधी बोलवा. बोलवीन. तुम्ही आल्याशिवाय खिंडीत कुणी पुढे पाऊल टाकणार नाही. आणि वहिनी, हात मागे घेऊ नका, हे खर्चाचं पाकीट नाही, घड्याळ आहे. दोनदा परत आलं तेवढ्यात त्याचा सेल संपला होता, नवा घातला आहे.

फोरमन किल्ली शोधताहेत. मिळेल, सावकाश. तोवर मी आभाराचं उरकून घेतो. अध्यक्षांचे आभार, त्यांनी आज शिक्का आणला नाही म्हणून. स्टोअरकीपरांचे आभार, त्यांनी आजच्या पुष्पगुच्छावर आधीच हक्क सोडला आहे. ढकलगाडी उचलणाऱ्या चौघांचे, आणि माझ्या मुलीचे, जिच्याशी मी आजपासून पुन्हा व्यवस्थित भांडेन. वहिनींचे आभार मी मानत नाही, पाच महिन्यांचा समुद्र आभाराने फिटत नाही. खाली गाडी उभी आहे, सव्वासहाला निघा म्हणजे स्टेशनवर धावपळ होणार नाही.

काय झालं, फोरमन? किल्ली मिळाली ना? मग लावा की.

थांबा, फोरमन काहीतरी विचारताहेत. किल्ली हातात आहे त्यांच्या, पण लावत नाहीत. हं? रविवारी?

फोरमन विचारताहेत की रविवारी ऑफिस बंद असतं, मग धाकटीला रविवारी पाणी कोण पाजणार.

मुली, हसू नकोस. साहेब, तुम्हीही.

माझ्या बोलण्यात आज काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, तर आपण सगळे मोठ्या मनाने पदरात घ्याल अशी खात्री आहे. पण एक चूक मला फोरमनच्या पायाशी वेगळी ठेवायला हवी. कुलूप लागल्यापासून आजवर सत्तेचाळीस रविवार झाले. त्यांतल्या एका रविवारी, पाऊस होता आणि ऑफिसच्या शटरची किल्ली अडकली, म्हणून तिला पाणी पाजायला मला पाच मिनिटं उशीर झाला.